झकेरियाभाई डबी उघडून बघतात

झकेरियाभाई कोणाच्याही घरी गेले की डबे उघडून बघतात. साखरेचा, पोह्यांचा, औषधांचा, हाताला लागेल तो. माझ्या घरी पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा माझी आई त्यांच्या मागे लाटणं घेऊन उभी होती. "अहो भाई, तो तिखटाचा आहे," मी ओरडले. "फक्त बघतो," असं म्हणून त्यांनी झाकण काढलं, नाक आत घातलं आणि शिंकत शिंकत अंगणात गेले. आई म्हणाली, बरं झालं.

आता महाडपासून कापड्यापर्यंत सगळ्यांना त्यांची ही खोड माहीत झाली आहे. कोणी हसतं, कोणी नाक मुरडतं, एका नव्या सुनेने तर नवऱ्याला विचारलं की हा माणूस रेशनिंगचा इन्स्पेक्टर आहे का. मी मात्र माझ्यासमोर कोणाला त्यांची टिंगल करू देत नाही. ही खोड त्यांना एका डबीपायी लागली. त्या डबीपायी पायरवाडीच्या प्रयागबाई मरता मरता वाचल्या, आणि त्या चुकीत निम्मा वाटा माझा होता.

झकेरियाभाई महाडचे. तरुणपणी मस्कतला गेले, तिथे अकरा वर्षं पाण्याचा टँकर चालवला. परत आले ते कानाने थोडे कमी, आवाजाने बरेच जास्त होऊन. मग त्यांनी एक हिरवी मिनीडोर घेतली. मिनीडोर म्हणजे सहा माणसांसाठी बनवलेली आणि आमच्याकडे अकरा माणसं बसणारी तीनचाकी. महाड, पोलादपूर, कापडे अशी त्यांची लाइन. मी पोलादपुरात राहते आणि कापड्याच्या पुढच्या शाळेत शिकवते, म्हणजे गेली सतरा वर्षं रोज त्यांच्या मागच्या सीटवर बसून मी त्यांची बडबड ऐकत आले आहे.

या माणसाचा पहिला शब्द ठरलेला असतो. "नाय जमनार." माहेरवाशिणीची ट्रंक असो, गणपतीची मूर्ती असो, शाळेची बाकं असोत, नाहीतर बाळंतीण घरी न्यायची असो, आधी "नाय जमनार". नवखा माणूस ऐकून निघून जातो. ज्याला माहीत आहे तो तिथेच उभा राहतो. दोन मिनिटांनी झकेरियाभाई चरफडत खाली उतरतात, सीटखालून दोरी काढतात आणि टपावर काय नि मांडीवर काय ते ठरवायला लागतात. गणपतीच्या दिवसांत तर मूर्ती काखेत धरल्यासारखी सांभाळत खड्ड्यांतून अशी गाडी काढतात की आतली माणसं एकमेकांवर आपटली तरी चालतील, मूर्तीला धक्का लागत नाही.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. एसटी बंद, मिनीडोर बंद, आंबेनळी घाटातून उतरणाऱ्या भाजीच्या गाड्याही बंद. गावागावांनी रस्त्यावर बांबू आडवे टाकले. आमची शाळा बंद झाली आणि माझा फोन चालू झाला, तो बंद व्हायचं नावच घेईना. सगळे फोन नालासोपारा, दिवा, डोंबिवलीहून, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे, नाहीतर त्यांच्या बापांचे. "बाई, आई एकटी हाय." "बाई, कापड्याच्या दुकानात काय उरलं नाय म्हणतात." "बाई, तुमी तरी बघा."

त्यातली सगळ्यांत मोठी हाक होती ती पायरवाडीची. कापड्यापासून वर चढून गेलं की डोंगराला टेकून अकरा घरं आहेत. तरणी माणसं सगळी मुंबईत. वाडीत राहिलेली चौदा माणसं, सगळ्यांत धाकटे म्हणजे येसाजीकाका, वय सदुसष्ट.

प्रयागबाईंच्या मुलाचा, मोरूचा, फोन आला तेव्हा तो नालासोपाऱ्यात एका खोलीत सहा जणांबरोबर अडकलेला होता, काम सुटलेलं होतं. तरी स्वतःबद्दल एक अक्षर बोलला नाही. "बाई, तेल नाय पोचलं तरी चालंल," तो म्हणाला, "आईची बीपीची गोळी तेवढी चुकू देऊ नका. बाबांचं तुमाला म्हाईत हाय." मला माहीत होतं. मोरूच्या वडलांनी एका उन्हाळ्यात "बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडली. पंधरवड्याच्या आत, पेरणीआधी शेताची भाजावळ करता करता, शेतातच पडले. अर्धं अंग गेलं, दोन महिने खाटेवर काढले आणि गेले. मी भेटायला गेले होते तेव्हा प्रयागबाई त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या आणि पेज एका बाजूने गळत होती. ते मी अजून विसरलेली नाही.

मोरूने नीट समजावून सांगितलं. शिमग्याला गावी आलेल्या त्याच्या बायकोने दोन महिन्यांच्या गोळ्या पाकिटांतून काढून स्टीलच्या एका छोट्या डबीत भरून ठेवल्या होत्या, कारण संधिवाताने वाकडी झालेली प्रयागबाईंची बोटं पाकीट फोडू शकत नसत. "मे महिन्यात सरतील. ती डबीच धाडील तुमच्याकडं. डबी आली की भरून द्या. डॉक्टरची चिठ्ठी मी फोनवर पाठवतो." मी शब्द दिला. मग झकेरियाभाईंना फोन लावला.

"नाय जमनार," पलीकडून आलं.

मी फोन तसाच धरून ठेवला.

"घरं किती?" झकेरियाभाईंनी विचारलं.

दोन दिवस तहसील कचेरीत उभं राहून त्यांनी पास मिळवला. 'अत्यावश्यक सेवा' असं छापलेला तो कागद काचेवर चिकटवण्याआधी त्यांनी मिनीडोर धुऊन काढली. इतकी स्वच्छ ती मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ते महाडहून सामान भरून यायचे, पोलादपुरात मला घ्यायचे आणि आम्ही पायरवाडीला जायचो. मी मागे पिंपांच्या आणि पोत्यांच्या मध्ये, तोंडाला आईच्या साडीचा मास्क.

वाडीच्या वेशीवर येसाजीकाका. मुंबईत गिरणीत नोकरी केलेला, शिस्तीचा माणूस. गळ्यात शिट्टी, हातात काठी आणि बांबूला लटकवलेली पाटी : बाहेरच्या माणसास मनाई. त्या दिवसांत मोबाइलवर एकेका जमातीबद्दल काय काय फिरत होतं ते लिहून मी कागद खराब करणार नाही. येसाजीकाकांच्या फोनवरही ते आलं असणारच. पण पाटी त्यांनी सगळ्यांना सारखीच लावली होती. मुंबईहून चालत आलेल्या सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी चौदा दिवस शाळेत झोपवलं आणि वर त्याच्याकडून शाळेचं अंगण सारवून घेतलं. वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही घराबाहेर पडायची बंदी. सामान आम्ही बांबूच्या अलीकडे ठेवायचं, वीस पावलं मागे जायचं, मग काका शिट्टी मारून येणार आणि घरोघर पोचवणार.

पहिले दोन आठवडे याद्यांनी आमचा जीव घेतला. म्हातारीने मुलाला फोनवर सांगायचं, मुलाने मला सांगायचं, मी लिहायचं. मधल्या प्रवासात यादी सुधारायची. आईने शेंगतेल सांगितलं की मुलगा हृदयाला चांगलं म्हणून भलतंच कुठलं तेल सांगायचा. एकाने आजीसाठी ओट्स मागवले. ते तिने कोंबड्यांना घातले आणि कोंबड्यांनीही खाल्ले नाहीत. शिवाय ज्या गोष्टी खरोखर हव्या असतात त्या मुलाला सांगायच्या नसतात. मशेरीशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा चार बायका त्या वाडीत आहेत, पण एकाही यादीत मशेरी नव्हती.

झकेरियाभाई वैतागले. एका शुक्रवारी बांबूपाशी उभे राहून त्यांनी येसाजीकाकांना वीस पावलांवरून ओरडून सांगितलं, "फोन बंद! ज्याच्याकडं जे सरलं, त्याची रिकामी पुडी, रिकामी बाटली पिशवीत टाका नि पिशवी बांबूला लावा. रिकामं दिसलं की मी आणीन. भरलेलं दिसलं तर हात लावनार नाय. बस."

येसाजीकाकांनी हा हुकूम घरोघर शिट्टी मारून कळवला. पुढच्या मंगळवारी बांबूला अकरा पिशव्या लागल्या होत्या. मला ती युक्ती इतकी आवडली की मी घरी जाऊन आईला सांगितली. मुलं शाळेत येत नव्हती, नाहीतर त्यांनाही सांगितली असती.

रिकामं काय काय आलं म्हणता! मिठाची पिशवी, काड्यापेटी, बामची बाटली, विजेरीचे दोन मेलेले सेल. मशेरीच्या चार पुड्या आल्या, चारही वर्तमानपत्रात गुंडाळून, म्हणजे शेजारणीला कळू नये. भिकाजीआजोबांनी एक चप्पल पाठवली, दुसरी अजून चांगली होती म्हणून. आणि त्यांच्याच पिशवीच्या तळाशी एक रिकामी चपटी बाटली निघाली. झकेरियाभाईंचा तेव्हा रोजा चालू होता. त्यांनी ती दोन बोटांत धरून उन्हात फिरवून बघितली, तिचा वास येतो की काय अशा बेताने लांब धरली आणि म्हणाले, "बाई, हे नाय जमनार." सतरा वर्षांत सामानाच्या बाबतीत त्यांचा हा एकच नकार शेवटपर्यंत टिकला.

रिकाम्या पुड्यांबरोबर पिशव्यांत आणखीही काही यायचं. कैऱ्या. शेवग्याच्या शेंगा. आमसुलं. एकदा तर अख्खा फणस, पिशवी फाडून बाहेर डोकावणारा. आमच्याकडे कोणाच्या घरची पिशवी, कोणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत, मग ते शेजारच्याचं असो की गाडीवाल्याचं. झकेरियाभाई खूप ओरडले. "ही काय वसुलीची गाडी हाय? सांगा त्यांना, काय टाकू नका!" पण महाडला जाऊन बायकोच्या, बेगमभाभींच्या, हातात ते सगळं देत होते, आणि मीही दर आठवड्याला पायरवाडीच्या कैऱ्यांचं लोणचं खात होते. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत असून आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याचा मला अजून राग येतो.

मे महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी प्रयागबाईंच्या पिशवीत डबी आली. मोरूने सांगितली होती तीच, स्टीलची, छोटी, घट्ट झाकणाची. सोबत मिठाची रिकामी पिशवी आणि दोन कैऱ्या. झकेरियाभाईंनी डबी उचलली आणि कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ वाजलं.

"हायत अजून गोळ्या," ते म्हणाले. "म्हातारी उगाच घाई करते."

"उघडून बघायची का?" मी विचारलं.

"कशाला? कोणाच्या खाण्याच्या गोळ्यांना हात लावू? घरी बेगमला दमा हाय, मी कुठं कुठं फिरतो." तेव्हा आम्ही सगळेच दाराच्या कडीला घाबरत होतो. मला पटलं. मिठाच्या नव्या पिशवीशेजारी त्यांनी डबी होती तशी ठेवून दिली.

मंगळवारी डबी पुन्हा आली. या वेळी पिशवीत दुसरं काही रिकामं नव्हतं, नुसती डबी. झकेरियाभाईंनी हलवली. वाजली. उन्हं मी म्हणत होती, रोज्यात सकाळपासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता, डोकं आधीच तापलेलं. "काकी मला खुळखुळा देते काय?" असं पुटपुटत त्यांनी ती परत पिशवीत टाकली. मी हसले. खरंच हसले.

शुक्रवारी बांबूला दहा पिशव्या होत्या.

झकेरियाभाईंनी दोनदा मोजल्या. मग ओरडले, "अकरावी कुठाय?"

येसाजीकाका पलीकडून म्हणाले, "प्रयागवयनीची असंल. काल दुपारपासून दार लावून हाय. उकाड्यानं पडली असंल."

मी मोरूला फोन लावला. "आईच्या गोळ्या पोचल्या ना रे?"

"हो बाई, मी रोज इचारतो. रोज म्हणते, आल्या." मग तो म्हणाला, "का हो बाई?"

मी काहीतरी सांगून फोन ठेवला. झकेरियाभाई माझ्याकडे बघत होते. "मंगळवारी वाजली होती ना डबी?" त्यांनी विचारलं. "वाजली होती," मी म्हणाले. "उघडली कोणी?" त्यांनी विचारलं, मला नव्हे, असंच.

त्यांनी बांबू उचलून बाजूला टाकला. येसाजीकाकांनी शिट्टी मारली. "भाई! थांबा! नियम हाय!"

"नाय जमनार," झकेरियाभाई म्हणाले आणि चढायला लागले. मी त्यांच्या मागे. शिट्टी वाजवत येसाजीकाका आमच्या मागे. अर्ध्या वाटेवर शिट्टी थांबली आणि काका आम्हाला मागे टाकून पुढे पळाले.

पुढचं दार आतून लावलेलं होतं. काकांना परसदार माहीत होतं. आत माजघरात भिंतीशी प्रयागबाई आडव्या पडलेल्या होत्या, एक हात डोक्याखाली. मी वाकून हाक मारली.

"कोण गो?" त्या म्हणाल्या.

"मी, शाळेतली बाई."

"चपला काढल्यास काय?"

मी रडले. मला लाज नाही वाटत सांगायला. चपला काढल्या, परत आले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांना उठता येत नव्हतं, घर गरगर फिरतंय म्हणत होत्या, पण जीभ शाबूत होती, दोन्ही हात हलत होते. मी दोन्ही हात हलवून बघितले, पुन्हा पुन्हा.

फळीवर डबी होती. झकेरियाभाईंनी उचलली, सवयीने कानाशी धरून हलवली. वाजली.

"गोळ्या हायत ना गो काकी घरात? मग खाल्ल्यास का नाय?"

प्रयागबाईंनी त्यांच्याकडे ढ पोराकडे बघावं तसं बघितलं. "कसल्या गोळ्या रे? आठ दिस झाले सरून. मी धाडत होते डबी, तू तशीच पाठवत होतास. मी म्हटलं, दुकानात नसतील. सगळंच नाय झालंय, तू तरी काय करशील."

"मग मोरूला काय सांगितलंस?"

"तो तिकडं कोंडलाय. त्याला कशाला घोर?"

झकेरियाभाईंनी झाकण उघडलं. आत वालाचे चार दाणे होते.

"ह्ये काय गो?"

"रिकामी डबी कशी धाडू रे दारातून?" प्रयागबाई म्हणाल्या.

येसाजीकाकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. त्या घरात असा कोणी नव्हता ज्याच्या आईने आयुष्यात कधी रिकामं भांडं दाराबाहेर पाठवलं असेल. माझ्या आईने नाही, येसाजीकाकांच्या आईने नाही. बेगमभाभी तर शेजारणीची वाटी परत करताना निदान साखरेची चिमूट घालतात, हे झकेरियाभाईंनीच मला कधीतरी सांगितलं होतं. रिकामं दिसलं तरच आणीन, हा हुकूम आम्ही असल्या माणसांना दिला होता. मीठ आणि काड्यापेटीचं ठीक होतं, ती दुकानातली रद्दी. डबी घरची होती.

त्यांना उचलून खाली आणलं ते झकेरियाभाईंनी आणि येसाजीकाकांनी, घोंगडीत घालून. मिनीडोरमधलं सामान तिथेच उतरवलं. गाडी हलताना येसाजीकाका प्रयागबाईंचे पाय मांडीवर घेऊन आत बसले. "काका, तुमचा नियम," मी म्हणाले. "गप बस गो," ते म्हणाले. पोलादपूरपर्यंत झकेरियाभाईंनी गाडी अशी आणली, जशी ते फक्त गणपतीची आणतात.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि आधी आमच्यावर खेकसले. आकडा दोनशेच्या वर होता. "आणखी एक-दोन दिवस घरी ठेवलं असतंत तर मला बोलवायची गरज पडली नसती," ते म्हणाले. मग त्यांना आत घेतलं.

आम्ही बाहेर बाकावर, एकमेकांपासून लांब. ऊन उतरलं, कुठून तरी बांग ऐकू आली तरी झकेरियाभाई हलले नाहीत. मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांना रोजा सोडायची आठवण झाली. एक घोट घेतला आणि म्हणाले, "दोनदा हातात होती, बाई. दोनदा. एक झाकण नाय उघडलं मी." एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज त्या दिवशी मला वाकून ऐकावा लागला. मी त्यांना म्हणाले की मीही तिथेच होते आणि हसले होते. त्याने त्यांना काही बरं वाटलं नाही, मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी प्रयागबाई घरी गेल्या. हात-पाय, बोलणं, सगळं जागच्या जागी. येसाजीकाकांनी मात्र स्वतःचा नियम मोडला होता, म्हणून त्यांनी स्वतःलाच चौदा दिवस शाळेत कोंडून घेतलं. आम्ही सामान घेऊन गेलो की शाळेच्या पडवीतून शिट्टी ऐकू यायची. पुतण्या बांबूपाशी उभा राहून काकांना ओरडून विचारायचा, अंगण सारवलं का?

बांबूपाशी नवा हुकूम झाला. "डबी, डबा, बरणी, काय बी असू दे, मी उघडनार! ज्याला लाज वाटत असंल त्याने धाडू नका!" तेव्हापासून झकेरियाभाई सगळं उघडायला लागले ते आजतागायत. भिकाजीआजोबांची तंबाखूची चंचीसुद्धा त्यांनी सोडली नाही.

प्रयागबाईंची डबी दर मंगळवारी यायची. त्यात वालाचे चार दाणे. झकेरियाभाई झाकण काढायचे, वाल शर्टाच्या खिशात टाकायचे, आठवड्याच्या गोळ्या आत मोजून घालायचे. वाल बेगमभाभी एका बरणीत जमवायच्या. गणपती आले तेव्हा मूठभर झाले होते. त्यांत स्वतःचे घालून भाभींनी बिरडं केलं आणि वाटीभर पायरवाडीला पाठवलं. वाटी परत आली ती आमसुलांनी भरून. झकेरियाभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या दोघींचं काय कधी मिटनार नाय." त्या वेळी त्यांच्या तोंडावरचा आनंद मास्कमधूनही दिसत होता.

पुढे बांबू निघाले, एसटी सुरू झाली, मोरूला काम लागलं, मशेरी दुकानात मिळायला लागली. डबीचं मात्र चालूच राहिलं. दर मंगळवारी कापड्याच्या थांब्यावर कोणीतरी ती आणून द्यायचं, संध्याकाळच्या फेरीला भरून परत जायची. "आता कोणाकडूनबी मागवता येईल ना गो काकी," झकेरियाभाई एकदा म्हणाले. "तुला जड झाली काय रे डबी?" प्रयागबाईंनी विचारलं. तो विषय तिथेच संपला.

गेल्या वर्षी पौषात प्रयागबाई गेल्या. शहाऐंशी वर्षांच्या होत्या. रक्तदाबाने नाही, कशाने नाही, सकाळी ओटीवर उन्हात बसल्या होत्या आणि बसल्या जागीच गेल्या. सगळं अंग धड घेऊन गेल्या, हे मोरूने मला तीन वेळा सांगितलं.

दिवस झाल्यावर मी आणि झकेरियाभाई पायरवाडीला गेलो. मोरूने चहा दिला. झकेरियाभाईंनी साखरेचा डबा उघडून बघितला. निघताना मोरू आतून डबी घेऊन आला, घासून लख्ख केलेली. "भाई, आईनं सांगून ठेवलं होतं, ही झकेरियाला द्या म्हणून."

झकेरियाभाईंनी झाकण उघडलं. डबी रिकामी होती.

एवढ्या वर्षांत ती डबी त्यांच्याकडे कधी रिकामी आली नव्हती. मग त्यांनी मान वर केली आणि अंगण दणाणेल अशा आवाजात मोरूवर ओरडले, "रिकामी देतोस? घरात वाल नायत?"

मोरू गडबडला. आत पळाला आणि ओंजळभर वाल घेऊन आला. झकेरियाभाईंनी त्यातले चार दाणे निवडून डबीत टाकले आणि झाकण घट्ट लावलं. मग, त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच, डबी कानाशी धरून त्यांनी हळूच वाजवून बघितली.